आधी उत्तर, मग शिस्त

हुडकेश्वर २०१३ साली नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वी ते ग्रामपंचायतीचे गाव होते. शेतांचे भूखंड पडले, भूखंडांवर घरे उभी राहिली आणि त्या घरांच्या वरच्या मजल्यांवरील खोल्यांतून उमरेड, भिवापूर, कुही या तालुक्यांतील शेतकरी-शेतमजुरांची मुले भाड्याने राहून शिकू लागली. यांपैकी पुष्कळ मुले आज संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकत आहेत. मिहानमधील मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारती त्यांना खुणावतात आणि घरी पाठविलेल्या प्रत्येक पत्त्यावर ‘नोकरी केव्हा?’ हा एकच प्रश्न परत येतो.

अशाच एका खोलीतील मुलाची हकीकत येथे सांगतो. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला तो येतो. त्याची आई कापूसवेचणीला जाते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. रोजचे वजन वेगळे, कधी भावही वेगळा. आठवड्याचा हिशेब चुकला तर तो मजुराच्याच विरुद्ध चुकतो, हे सांगावयास नकोच. या मुलाने ‘पायथन’ या भाषेत आईच्या मजुरीचा हिशेब करणारी दहा-बारा ओळींची आज्ञावली लिहिली. ती चालेना. यंत्राने ‘टॅबएरर’ असा शब्द दाखवला आणि पुढे इंग्रजीची एक ओळ.

त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत जाणकारांच्या एका समुदायाला प्रश्न विचारला. उत्तरे तीन आली. पहिले: हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे. दुसरे: तुमचे लेखन वाचवत नाही, आधी लेखनशैलीचे नियम वाचा. तिसऱ्याने केवळ एक हसरे चित्र पाठविले. चूक काय होती ते एकानेही सांगितले नाही. चूक एवढीच होती की, काही ओळी त्याने पुस्तकावरून उतरवल्या होत्या आणि काही स्वतः लिहिल्या होत्या. त्यामुळे ओळीच्या आरंभीची मोकळी जागा कोठे ‘टॅब’च्या कळीने, तर कोठे ‘स्पेस’च्या कळीने सोडली गेली होती. डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच कोऱ्या दिसतात. पायथनला मात्र त्या कोऱ्या जागेवरूनच कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पोटात आहे हे कळते; दोन्हींची सरमिसळ झाली की ती थांबते. सांगणाऱ्याचे एक मिनिट गेले असते. मुलाचे दोन दिवस गेले. वेळेपेक्षाही मोठे नुकसान निराळेच आहे. तो म्हणाला, ‘‘काका, आता मी विचारत नाही.’’

या एका वाक्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथम दुसऱ्या बाजूला न्याय दिला पाहिजे. आज्ञावलीच्या लेखनशैलीचा आग्रह हा काही निव्वळ अहंकार नव्हे. आज्ञावली एकदा लिहिली जाते आणि अनेकदा वाचली जाते. लिहिणारा निघून जातो, दुरुस्त करणारा दुसराच असतो. पायथनचा जनक ग्विडो व्हॅन रॉसम याने सहकाऱ्यांसह २००१ साली ‘पेप ८’ या नावाने लेखनशैलीचे नियम मांडले. आत सरकविलेल्या ओळीपुढे चार मोकळ्या जागा सोडाव्यात, ओळ ७९ अक्षरांपेक्षा लांब नसावी, नावे अर्थवाही असावीत, अशा स्वरूपाचे ते नियम आहेत. त्यांमागील भूमिका मुळात समाजवादीच म्हणावी लागेल: माझे लेखन माझ्या एकट्याचे नाही, माझ्यामागून येणाऱ्याला ते वाचता आले पाहिजे. तसेच, उत्तर देणारे बहुतेक जण विनावेतन उत्तर देतात, हेही विसरून चालणार नाही. तोच प्रश्न शंभराव्या वेळी वाचणाऱ्याला थकवा येणारच. एरिक रेमंड याने २००१ सालीच प्रश्न नीट कसा विचारावा यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. आधी स्वतः शोध घ्या, मग विचारा, हा त्याचा सल्ला चुकीचा नाही.

परंतु नियम कशासाठी आहे आणि तो कोणावर उगारला जातो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पोथीला हात लावण्यापूर्वी सोवळे नेसण्याची अट आपल्या समाजाने शतकानुशतके पाहिली. त्या अटीचे समर्थन शुद्धतेच्या नावाने होत असे; तिचा परिणाम मात्र पोथी मूठभरांच्या घरात राहणे हाच होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा त्यांनी कोणाला ‘आधी शुद्ध बोलून दाखव’ असे म्हटले नाही. शुद्ध बोलणे शाळेत आल्यावर शिकावयाचे असते. शाळेत शिरण्याची ती अट नसते. नेमका हाच क्रम आज उलटा केला जात आहे. जी शिस्त उत्तराबरोबर शिकवावयाची, ती प्रश्नाच्या उंबरठ्यावर पहारेकरी म्हणून उभी केली जाते.

भाषेचा जाच याहून खोल आहे. ‘पेप ८’चा एक नियम इंग्रजी न बोलणाऱ्या देशांतील लोकांना विनवतो की, तुमची भाषा न जाणणारा कोणीही ही आज्ञावली वाचणार नाही याची १२० टक्के खात्री नसेल, तर टिपा इंग्रजीतच लिहा. जगभरच्या लोकांनी एकत्र काम करावयाचे तर एक सामायिक भाषा लागते, हे मान्य. पण या सोयीची किंमत कोण मोजतो? लंडनचा मुलगा मोजत नाही, भिवापूरचा मोजतो. डॉ. लोहियांचा विरोध इंग्रजीतील ज्ञानाला नव्हता, सत्तेचे हत्यार झालेल्या इंग्रजीला होता. ज्या नियमाचा सगळा भार दुबळ्याच्या खांद्यावर पडतो, त्या नियमाच्या लाभार्थींनी निदान त्याच्या मोडक्या वाक्याकडे सहानुभूतीने पाहावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. वस्तुतः २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरीत नावे देता येतात. त्या मुलाला ‘वजन’, ‘भाव’, ‘मजुरी’ अशी नावे देऊन हिशेब लिहिता आला असता. हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

सुदैवाने आज्ञावलीकारांच्या जगातही आत्मपरीक्षण झाले आहे. लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्स सहकाऱ्यांवर बरसण्याबद्दल प्रसिद्ध होता. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि त्याच सुमारास लिनक्सच्या विकासकांनी आचारसंहिता स्वीकारली. मोकळ्या जागांच्या वादावर तर यंत्रानेच तोडगा काढला. २००९ साली जाहीर झालेल्या ‘गो’ या भाषेसोबत ‘गोफम्ट’ नावाचे साधन आले. ते लेखनाची मांडणी आपोआप एकसारखी करते. २०१८ मध्ये पायथनसाठी ‘ब्लॅक’ हे तसेच साधन आले. जे काम यंत्र क्षणात करते, त्यासाठी नवख्याचा पाणउतारा करण्याचे कारणच उरलेले नाही.

आता या प्रश्नाचे आर्थिक अंग पाहू. २००८ साली सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या व्यासपीठावर जगभरच्या लाखो लोकांनी एकमेकांच्या प्रश्नांना फुकट उत्तरे दिली. तेथे नवख्यांना, स्त्रियांना आणि उपेक्षित समाजगटांना परकेपणा जाणवतो, अशी कबुली त्या कंपनीनेच २०१८ साली दिली. २०२१ साली ती कंपनी १८० कोटी डॉलरना विकली गेली. श्रम सर्वांचे, किंमत मालकाची! पुढे २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि तेथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घटली. २०२४ साली त्याच कंपनीने चॅटजीपीटीच्या मालकांशी करार केला. लोकांनी लोकांना दिलेली उत्तरे अशा रीतीने यंत्राचे खाद्य झाली.

आमचा तो मुलगाही आता यंत्रालाच विचारतो. यंत्र रागावत नाही, हसत नाही, कितीही वेळा विचारा. त्याला दोष कसा द्यावा? अपमान टाळण्याचा मार्ग माणूस घेणारच. पण यात काय हरवते ते ओळखले पाहिजे. माणसांत विचारलेला प्रश्न सर्वांचा होतो. त्याचे उत्तर पुढच्या मुलालाही मिळते. यंत्राला विचारलेला प्रश्न खोलीच्या चार भिंतींत राहतो आणि विचारणारा एकटाच राहतो. यंत्राने दिलेले उत्तर चुकीचे असेल तर तसे म्हणावयास शेजारी कोणी नसते. म्हणजे जाणकारांच्या उर्मटपणाने सामायिक विहीर ओस पाडली आणि लोक पाण्यासाठी मालकाच्या नळावर गेले. आज तो नळ स्वस्त आहे. उद्याचा दर आपल्या हाती नाही.

साथींनो, इतरांना दोष देण्यापूर्वी आपल्या घरातही डोकवावे. आपल्या अभ्यासवर्गात एखाद्या नव्या कार्यकर्त्याने ‘वरकड मूल्य म्हणजे काय?’ असे विचारले, तेव्हा आपण काय केले? मी स्वतः एकदा अशा तरुणाला चार ग्रंथांची यादी दिली आणि ‘हे वाचून या’ असे सांगितले. तो पुन्हा आला नाही. यादी उत्तम होती. उत्तर मात्र मी दिले नव्हते. चळवळीत नवी माणसे का येत नाहीत याची चर्चा आपण तासन्‌तास करतो. आलेला माणूस कोणत्या वाक्याने परत गेला, याची नोंद ठेवत नाही.

प्रश्नाला मान देणारी परंपरा आपल्या शेजारीच घडली आहे. नागपूरपासून जवळच वर्ध्याला १९३७ साली नई तालीमची मांडणी झाली; हाताने काम करता करता जो प्रश्न पडतो तेथून शिक्षण सुरू होते, हे तिचे सूत्र. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. त्यात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. खेड्यापाड्यांतील मुले त्याला पत्राने वाटेल तो प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तर जाई. प्रश्न बावळट आहे असे सवालीराम कधी म्हणत नसे. सरकारने २००२ साली तो कार्यक्रम बंद केला. पण त्याची रीत बंद करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.

हुडकेश्वरात आम्ही ती रीत नव्याने सुरू केली आहे. रविवारी दोन तास आज्ञावली शिकणाऱ्यांसाठी राखून ठेवले आहेत. नियम थोडेच आहेत. प्रश्न मराठीत विचारावा, वऱ्हाडीत विचारला तरी चालेल. प्रथम चुकीचे कारण आणि दुरुस्ती सांगावयाची. लेखनशैली त्यानंतर, त्याच्याच ओळी नीट मांडून दाखवीत शिकवावयाची. प्रश्न कसा विचारावा हेही तेथेच शिकवतो: चूक दिसेल एवढ्याच ओळी दाखवा, यंत्राने दिलेला संदेश जसाच्या तसा उतरवा, काय व्हावे असे वाटले आणि काय झाले ते सांगा. उत्तर मिळाले की विचारणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावयाचे, म्हणजे पुढच्याला ती वही उपयोगी पडते. ज्याला उत्तर मिळाले त्याने पुढील महिन्यात निदान एकाला उत्तर द्यावयाचे. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प मराठीतूनही संगणकाचे पाठ विनामूल्य देतो. त्याचाही आम्ही उपयोग करतो.

असे वर्ग प्रत्येक प्रभागात निघू शकतात. त्यासाठी निधी लागत नाही. एक खोली, एक जुना संगणक आणि एक संयमी माणूस पुरतो. पक्षाच्या शाखांनी हे काम रचनात्मक कार्य म्हणून हाती घ्यावे. ज्ञान हे उत्पादनाचे साधन आहे असे आपण म्हणतो, तर त्या साधनाच्या दारावर कोण उभे आहे याकडे आपण पाहिलेच पाहिजे.

वहीच्या पहिल्या पानावर त्या मुलाने आपलाच प्रश्न लिहिला आहे: टॅब आणि स्पेस एकत्र आल्यास काय होते? खाली त्याने चार ओळींत उत्तर लिहिले आहे. गेल्या रविवारी कुहीहून आलेल्या एका मुलीची आज्ञावली त्याच चुकीने अडली होती. त्याने ते पान उघडून तिच्यापुढे ठेवले आणि मग चार मोकळ्या जागा का सोडावयाच्या ते तिला समजावून सांगितले.