प्रोग्राम करून घेताय? आधी एवढे बघा

तामलवाडीत दूध संकलन केंद्र, खत-बियाण्यांचे दुकान, किराणा चालवणाऱ्या बंधू-भगिनींनो,

गावातल्या शिकलेल्या मुलाकडून हिशेबाचा प्रोग्राम करून घेताय, चांगली गोष्ट आहे. पण उद्या तो पुण्याला नोकरीला गेला, तरी तुमचे बिल निघाले पाहिजे. म्हणून पाच गोष्टी आधीच बघून घ्या.

पहिली गोष्ट, त्याला तुमचा कॉम्प्युटर दाखवा. विंडोज कोणते, रॅम किती, हे त्याने डोळ्यांनी बघावे. इलेक्ट्रॉन नावाच्या साधनावर केलेल्या प्रोग्रामच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. जुन्या मशीनला तो जड जातो. साध्या बिलाला क्यूटी हे दुसरे साधन पुरते; व्हीएलसी प्लेअरची बटणे त्याचीच आहेत. मशीनवर विंडोज ७ असेल तर आधीच सांगा. क्यूटी ६ आणि नवे इलेक्ट्रॉन त्यावर चालत नाहीत. शिवाय विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० लाच थांबली आहे.

दुसरी गोष्ट मराठीची. ‘शेतकऱ्याचे’ हा शब्द टाइप करायला लावा. मग पावती छापा. पडद्यावर नीट दिसणारा ‘ऱ्या’ छोट्या पावतीवर फुटू शकतो. दूध घालणाऱ्याला स्वतःचे नाव नीट वाचता आले पाहिजे. अक्षरे युनिकोडमध्येच ठेवायला सांगा.

तिसरी गोष्ट, सेटअपची फाइल एकच मागा. “आधी पायथन टाका, मग हे टाका,” असे नको. पायइन्स्टॉलरसारख्या साधनाने सगळे एकत्र बांधता येते. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर, नेट बंद ठेवून, तुम्ही स्वतः बसवून बघा. मुलाने हात लावायचा नाही.

चौथी गोष्ट. बसवताना विंडोज निळी चौकट दाखवून अडवू शकते. फाइलवर बनवणाऱ्याची डिजिटल सही नसली की बहुधा असे होते. घाईने पुढे जाऊ नका. त्याला फोन करून खात्री करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेली फाइल तर उघडूच नका.

पाचवी गोष्ट, हिशेब तुमचा आहे. तो एक्सेलमध्ये काढून घ्यायचे बटण हवेच. ते दाबून फाइल उघडून बघा.

एवढे जमले की मुलाचे ठरलेले पैसे लगेच द्या. त्यानेही मेहनत केली आहे. आणि रोज दुकान बंद करताना हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, तो घरी न्या.