बंदिस्त शेगडीचा लगाम
इंग्लंडमधील ज्या घरात काचेच्या दाराची, सरपणावर चालणारी नवी बिडाची शेगडी येते, तेथील मंडळी रात्री हवेची झडप पूर्ण बंद करून ओंडका सकाळपर्यंत धुमसत ठेवतात आणि त्याला काटकसर समजतात. ती निव्वळ नासाडी असते. लाकूड तापले की त्यातून ज्वालाग्राही वायू सुटतात, लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जा या वायूंतच असते, आणि हवेअभावी ते न जळता धुराड्यात शिरून त्याच्या थंड भिंतींवर क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखा चिकट आणि पेट घेणारा थर, होऊन बसतात. काच काळी पडते ती वेगळीच. अशा शेगडीला साधारणपणे दोन वाटांनी हवा मिळते : जाळीखालून येणारी प्राथमिक हवा मुख्यतः पेटवण्यापुरती, तर काचेवरून उतरणारी दुय्यम हवा त्या वायूंना जाळण्यासाठी. म्हणून आच कमी हवी असेल तर हवा तोडू नये, सरपण कमी घालावे; चुलीतले लाकूड मागे ओढून भाकरीपुरता जाळ राखणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्या वाचकांना हे शिकवावे लागत नाही (तिच्या चुलीला धुराडे नव्हते, त्याची किंमत तिच्या डोळ्यांनी मोजली, हेही ते जाणतात). सरपणाच्या ओलीबाबत मात्र कायदाच बोलतो : इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून २ घनमीटरपेक्षा कमी मापात विकल्या जाणाऱ्या लाकडात २० टक्क्यांपर्यंतच ओल चालते, आणि ती मोजण्याचे दोन पिनांचे यंत्र ओंडका फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर टोचावे लागते, कारण सालीकडून कोरडे दिसणारे लाकूड गाभ्यात खुशाल ओले असते.