पुस्तकी किंमत एक हजार आठ रुपये

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आपल्या घरांतून नव्या वह्यांच्या तयारीचा आणि जुन्या वस्तू बाहेर काढण्याचा. 2025 च्या ऑक्टोबरात अशाच एका सकाळी माझ्या भाच्याचा दूरध्वनी आला. डोंबिवलीत त्याचे कापडाचे दुकान आहे.

"मामा, दुकानातला कॉम्प्युटर देऊन टाकतो. लॅपटॉपवाला त्याचे तीन हजार धरतोय. नवा अठ्ठावन्न हजारांचा, बारा हप्ते. दुकानाचंही होईल आणि पोरीचंही."

मी आयुष्यभर बँकेत ताळेबंद तपासले, तेव्हा मनात आधी घसाराच आला. संगणक ऑगस्ट 2017 मध्ये साठ हजारांना घेतलेला. आयकर नियमांप्रमाणे संगणकावर घटत्या शिलकीवर 40 टक्के घसारा. आठ आर्थिक वर्षांनंतर, 31 मार्च 2025 रोजी पुस्तकी किंमत उरते 1,008 रुपये. त्याचे तीन हजार येत असतील तर सौदा चांगला, असे मी सांगून मोकळा झालो. हा सल्ला चुकीचा होता.

त्याची मुलगी अंतर्गत सजावटीच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुकान बंद झाल्यावर रात्री ती त्याच संगणकावर खोल्यांची त्रिमितीय चित्रे तयार करते. तिने मला एवढेच विचारले, "आजोबा, त्याच्यातलं ग्राफिक्स कार्ड तुम्ही पाहिलंत का?"

मी पाहिले नव्हते. कार्ड होते एनव्हिडियाचे जीटीएक्स 1050 टीआय, 2016 च्या अखेरीस बाजारात आलेले. दुकानदार दाखवत असलेल्या लॅपटॉपमध्ये वेगळे कार्ड नव्हते. प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेले इंटेलचे आयरिस एक्सई ग्राफिक्स होते. नऊ वर्षांपूर्वीच्या कार्डापेक्षा नवी वस्तू सरस असणारच, असे दुकानदाराचे म्हणणे. मीही तसेच धरून चाललो होतो.

कागदावर दोघांची गणनशक्ती फार वेगळी नाही. आयरिस एक्सईची मोठी आवृत्ती घेतली तर दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. फरक पडतो तो मेमरीत, आणि तो व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. जुन्या कार्डाला स्वतःचे भांडवल आहे : 4 जीबी मेमरी, फक्त त्याचीच, आणि तिच्यातून सेकंदाला 112 जीबी माहितीची ये-जा होते. अंतर्भूत ग्राफिक्सला स्वतःचा पैसा नाही. ते संगणकाच्या सामाईक गल्ल्यातून उचल करते, आणि त्याच गल्ल्यावर प्रोसेसरचाही हात असतो. त्या लॅपटॉपमध्ये 8 जीबी रॅमची एकच स्टिक होती. डीडीआर4-3200 जातीच्या एका स्टिकमधून सेकंदाला 25.6 जीबी जाते, दोन लावल्या तर 51.2. एकच स्टिक असली तर विंडोज त्याच ग्राफिक्सला आयरिस एक्सई न म्हणता साधे यूएचडी ग्राफिक्स म्हणून दाखवते. खोक्यावरच्या स्टिकरवर मात्र मोठे नाव असते. खरेदीला जाल तेव्हा स्टिकर सोडा, रॅमच्या स्टिक किती आहेत आणि दुसरीला जागा आहे का, हे आधी विचारा.

मुलीने आपली फाइल पेनड्राइव्हवर नेली आणि दुकानातच उघडली. आराखडा नीट उघडला. पण खोलीतून फिरून पाहताना चित्र अडखळू लागले. दुकानदाराने सौजन्याने दुसरी स्टिक लावून दाखवली. फरक स्पष्ट होता, तरी घरच्या संगणकाची सफाई आली नाही. शिवाय रेंडरिंगची काही सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कूडा प्रणालीवरच चालतात; ती दारे लॅपटॉपला बंदच होती.

सगळी अंतर्भूत ग्राफिक्स अशीच, असे मात्र नव्हे. एएमडीच्या 2023 मधल्या रेडिऑन 780एमला डीडीआर5-5600 च्या दोन स्टिक मिळाल्या की गल्ला सेकंदाला 89.6 जीबीपर्यंत जातो आणि ते या जुन्या कार्डाच्या पंक्तीला बसते. तसा लॅपटॉप भाच्याच्या हिशेबात बसत नव्हता.

मग जुनाच ठेवावा, नवा नको? तसेही नाही. त्या जुन्या संगणकावर टॅली होती, जीएसटीची विवरणपत्रे होती आणि बँकेचे व्यवहारही तिथूनच होत. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि त्यातला सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 च्या मान्य यादीत नाही. मला खरी काळजी इथे वाटली. चित्र अडखळले तर रात्र जाते, बँकेचा पासवर्ड गेला तर हंगामाची कमाई. कार्डाचीही मुदत ठरलेली आहे : एनव्हिडिया त्यासाठी आता ऑक्टोबर 2028 पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या देणार आहे. मुलीचा अभ्यासक्रम त्याआधी संपतो.

शेवटी लॅपटॉप घेतला, पण जुना संगणक न देता. दुसऱ्या रॅमसाठी जागा असलेला, थोडा स्वस्त, हप्त्यांशिवाय. टॅली आणि बँक त्यावर गेली. या कामांना अंतर्भूत ग्राफिक्स पुरून उरते. दिवसा महाविद्यालयात दाखवण्यापुरते आराखडे घेऊन मुलगी तोच लॅपटॉप नेते. डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये डेस्कटॉप घेऊन कोण चढणार! ती नेते त्या दिवशी दुकानाच्या नोंदी संध्याकाळी होतात, यावर बाप-लेकीची अजून कुरबुर चालते. जुना संगणक इंटरनेट काढून, बँकेची सगळी खूण पुसून, घरी तिच्या टेबलावर गेला.

दुकानाच्या वहीत तो अजून उभा आहे. घरी नेला म्हणून त्याची नोंद कशी करायची, हे भाच्याने मला विचारले. या वेळी मी त्याला सनदी लेखापालांकडे पाठवले.