स्टॅबिलायझर आहे, मग भय कसलें?

वळवाचा पाऊस आणि त्याबरोबर कडकडणारी वीज हीं महाराष्ट्रास नवीं नाहींत. नवें आहे तें आपल्या घरांतील नाजुक सामान. पूर्वींचा दिवा किंवा पंखा विजेचा एखादा धक्का निमूटपणें सोशीत असे. हल्लींच्या 'इन्व्हर्टर' एसीच्या पोटांत मात्र एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. घरांत येणारा प्रवाह प्रथम एकदिश करून मग कॉम्प्रेसरच्या गरजेप्रमाणें पुन्हां बदलून देणें हें त्याचें काम. (बॅटरीच्या इन्व्हर्टरशीं ह्या नांवाचा गोंधळ करूं नये.) हा बोर्ड जळाला म्हणजे कांहीं हजार रुपये सहज जातात, आणि नवा मिळेपर्यंत ऐन वैशाखांत घरांतील वृद्ध मंडळींचे हाल होतात ते निराळेच.

ह्याविषयीं विचारलें असतां "आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे" असें उत्तर बहुतेक घरांतून मिळतें. परंतु ज्वर, अतिसार व सर्पदंश ह्यांवर वैद्य एकच मात्रा देत नाहीं. विजेचेही उपद्रव तीन आहेत.

पहिला मंदगति. आपणांस मिळावयाचा दाब २३० व्होल्ट. तो सायंकाळीं सर्वांचीं यंत्रें सुरू झालीं कीं खालीं बसतो, रात्रीं भार उतरला कीं वर चढतो. ह्यावर स्टॅबिलायझर हेंच औषध. नव्या यंत्रांच्या खोक्यावर 'स्टॅबिलायझरची गरज नाहीं' असें छापलेलें असतें, तेंही ह्याच चढउताराविषयीं. त्या वाक्याचा अर्थ ह्यापलीकडे ताणूं नये.

दुसरा क्षणिक. जवळपास वीज कोसळली, अथवा मोठ्या वाहिनीवर उघडझाप झाली, म्हणजे हजारों व्होल्टांचा लोंढा तारेवाटे घरांत शिरूं शकतो. प्रयोगशाळेंत संरक्षक उपकरणांची परीक्षा ज्या लाटेनें घेतात, ती ८ मायक्रोसेकंदांत शिखर गाठते व २० मायक्रोसेकंदांत अर्ध्यावर उतरते. स्टॅबिलायझरमधील रिले हालावयास कांहीं मिलिसेकंद लागतात; तोंवर घर लुटून चोर वेशीपार गेलेला असतो. एमसीबी अधिक प्रवाहावर लक्ष ठेवते, आरसीसीबी गळतीवर. लोंढा हा त्यांचा विषयच नव्हे. त्यासाठीं मुख्य बोर्डांत 'एसपीडी' नांवाची डबी बसवितात. तिच्यांत जस्ताच्या ऑक्साइडची एक वडी असते. जपानांतील मात्सुओका ह्यांनीं १९७१ सालीं ह्या वडीच्या गुणधर्मांवर निबंध प्रसिद्ध केला. नेहमींच्या दाबास ती वाट देत नाहीं. दाब मर्यादेबाहेर गेला कीं तत्काळ वाट मोकळी करून लोंढा अर्थिंगकडे लोटते. घरावरच प्रत्यक्ष वीज पडली, तर मात्र ही डबी एकटी पुरी पडत नाहीं. तेथें छतावर तडितरक्षक हवा.

लोंढा अर्थिंगकडे लोटावयाचा, तर अर्थिंग धड पाहिजे. उन्हाळ्यांत माती सुकली कीं तिची वाहकता घटते. जुने लोक कोळसा व मीठ घातलेल्या त्या खड्ड्यांत पाणी ओतीत, तें सशास्त्रच होतें. वळवापूर्वीं वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून घ्यावा. डबीच्या जोडणीची तारही आंखूड, एकंदर अर्ध्या मीटरच्या आंत असावी. तार लांबली कीं तेवढा जास्त दाब यंत्राच्या वांट्यास येतो.

तिसरा उपद्रव लोकांस सर्वांत कमी ठाऊक, आणि माझ्या मतें शहरांतील इमारतींत तोच अधिक घातक. इमारतीस तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारांनीं पुरवठा होतो. फेज व न्यूट्रल ह्यांमध्यें २३० व्होल्ट, पण दोन फेजांमध्यें सुमारें ४००. मीटरच्या खोलींतील न्यूट्रलचा जोड ढिला होऊन सुटला, म्हणजे दाबाची वांटणी ज्याच्या त्याच्या भारावर ठरते. जेथें सर्व यंत्रें चालू, तेथें दिवे मंदावतात. जेथें एखादाच पंखा फिरतो आहे, तेथें दाब चारशेंच्या जवळ जाऊं शकतो. हा प्रकार मिनिटेंच्या मिनिटें चालतो, म्हणून एसपीडीची वडी येथें स्वतःच तापून निकामी होते. दाब मर्यादेबाहेर जातांच पुरवठा तोडणारें निराळें उपकरण येथें हवें. 'ओव्हर-अंडर व्होल्टेज'चें म्हटलें कीं वायरमन समजतो. दिवे एकाएकीं भलतेच प्रखर झाले, तर कारण शोधीत न बसतां मेन स्विच बंद करावा. हें मुलांसही शिकवून ठेवावें.

एकत्र कुटुंबांत एक गोष्ट मीं पुष्कळदां पाहिली आहे. थोरले चिरंजीव आपल्या खोलींतील एसीस भारी स्टॅबिलायझर घेतात, धाकटे आपल्या. परंतु जिन्याखालचा बोर्ड आणि अंगणांतील अर्थिंगचा खड्डा हे सर्वांचे, म्हणून कोणाचेच नव्हेत! वास्तविक चार खोल्यांतील चार यंत्रांचें रक्षण त्या एका बोर्डांत होतें. हा खर्च वडीलधाऱ्यांनीं सामायिक खात्यांतूनच करावा. संगणकासाठीं मिळणाऱ्या 'स्पाइक गार्ड'च्या पट्टीवर एसी लावण्याची काटकसर कोणी करूं नये. एवढा भार तिला झेपत नाहीं.

इतकी सिद्धता असूनही, ढग दूर आहेत तोंवरच प्लग काढून ठेवणें उत्तम. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें 'दामिनी' हें मोबाईलचें अॅप तयार केलें आहे. आसपास वीज पडण्याचा संभव तें कळवितें. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र प्लगला हात लावूं नये. एसपीडीची वडी आघातागणिक झिजत असते. तिच्या खिडकींतील हिरवा रंग जाऊन लाल दिसला कीं ती बदलावी. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ती खिडकी पाहण्याचें काम नातवाकडे आहे.