दुर्वासांना सांभाळायचे कोणी?

आपल्याकडे रागीट माणसाला दोन पदव्या देण्याची जुनी रीत आहे. एक जमदग्नी आणि दुसरी दुर्वास. त्यांतला दुर्वास घरोघरी अधिक आढळतो, कारण त्याचा राग नियमाच्या पोटातून येतो. ताट वेळेवर वाढले नाही, चपला उंबऱ्याच्या आत आल्या, पाहुण्याला पाणी द्यायला उशीर झाला! नियम खरा असतो, त्यामुळे वाद घालायची सोय नसते. मग फाटकाची कडी वाजली की रेडिओचा आवाज खाली येतो, मुले पुस्तके उघडतात आणि आई डोळ्यांनीच सगळ्यांना सूचना देते. शेजाऱ्यांना मात्र सांगायचे, ‘स्वभाव कडक आहे हो, पण मनाने फार चांगले!’ असतीलही. पण त्या चांगल्या मनाची किंमत घरात कोण भरते, हे विचारायला काय हरकत आहे?

पुराणांनी आणि कवींनी दुर्वासांबद्दल पुष्कळ लिहिले. मला त्यात दुर्वासांपेक्षा त्यांच्या आजूबाजूची माणसे अधिक ओळखीची वाटतात. कालिदासाच्या शाकुंतलातल्या दोन मैत्रिणी घ्या. दुष्यंताच्या विचारात बुडालेल्या शकुंतलेला दारात आलेला अतिथी कळला नाही, आणि दुर्वासांनी शाप दिला. महाभारतातल्या मूळ कथेत हा शाप नाही. तो कालिदासाने घातला. प्रियंवदा मागे धावली, पाया पडली, तेव्हा ओळखीची खूण दिसताच शाप सरेल एवढी सवलत मिळाली. इथवर ठीक. पण नंतर दोघींनी ठरवले की शकुंतला नाजूक मनाची, तिला काही सांगायचे नाही. निरोप देताना राजाने ओळखले नाही तर अंगठी दाखव, एवढेच त्या बोलल्या. का, ते नाही. अंगठी वाटेत पाण्यात पडली आणि भरल्या दरबारात ती उभी राहिली तेव्हा आपल्यावर शाप आहे हेच तिला ठाऊक नव्हते. रागीट माणसाच्या घरात अशी झाकपाक रोज चालते. राग तेवढ्यापुरता टळतो, आणि ज्याला सावध करायचे तोच अंधारात राहतो.

दुसरी गोष्ट आपल्या वर्धेच्या शेजारची आहे. आर्वीच्या बाजूने वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातले कौंडण्यपूर लागते. रुक्मिणीचे हे माहेर. आषाढीला इथून पंढरपूरला पालखी जाते. कीर्तनात रुक्मिणीस्वयंवर रंगते. सासरी तिच्यावर आलेला प्रसंग तेवढा रंगत नाही. तो महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. दुर्वास श्रीकृष्णाच्या घरी राहायला आले. कधी हजारांचे अन्न एकटे खात, कधी घासभरच. एकदा तर अंथरुणेच जाळून टाकली. मग खीर मागितली, उरलेली कृष्णाला अंगाला फासायला लावली, रुक्मिणीलाही फासली, आणि तिला रथाला जुंपून भर रस्त्यातून हाकीत निघाले, वरून फटके! कृष्ण शांत राहिला. तू क्रोध जिंकलास, म्हणून मुनी प्रसन्न झाले. वर रुक्मिणीलाही मिळाले. पण शांत राहण्याचे ठरवले कोणी आणि रथ ओढला कोणी? सहनशील म्हणून ज्याचे कौतुक होते आणि ज्याच्या पाठीवर वळ उठतात, ती माणसे पुष्कळदा वेगळी असतात.

अंबरीष राजाचे मात्र निराळे. भागवतातली ही कथा म्हणजे नियमावर आदळलेला नियमच. एकादशीचे पारणे द्वादशी संपण्याआधी सोडायचे, आणि जेवायला बोलावलेले दुर्वास तर नदीवरून येईनात! राजाने जाणत्यांना विचारून नुसते पाणी घेतले. दुर्वासांनी जटा उपटून कृत्या निर्माण केली. अंबरीष पळाला नाही, उलट बोललाही नाही. जागचा हललाच नाही. पळावे लागले ते दुर्वासांना, मागे सुदर्शन चक्र! वर्षाने ते परत आले तेव्हा राजा पाण्यावर राहून त्यांची वाट पाहत होता. आधी मुनींना जेवू घातले, मग स्वतः जेवला.

पुराणात चक्र धावून येते, संसारात येत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. म्हणून पुराणाबाहेरचा एक प्रसंग सांगतो. १८९८ साली डर्बनच्या घरात गांधीजींनी हट्ट धरला की अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातून आलेल्या कारकुनाचे मूत्रपात्र कस्तुरबांनी उचलावे, आणि तेही आनंदाने. नियम शंभर टक्के बरोबर. बा उचलीत होत्या, पण रडत. गांधीजी भडकले आणि हाताला धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेले. तिथे बांनी ऐकवले: काही लाज आहे का, या परक्या मुलखात मी जाऊ कुठे, ते फाटक आधी लावा! गांधीजी ओशाळले, फाटक लावले. पुढे १९३६ मध्ये ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. आश्रमात बापू कुटीजवळच बा कुटी आहे. बांचे ते बोलणे आपल्याला कळते, कारण गांधीजींनी ते आत्मचरित्रात लिहून ठेवले. रथ ओढताना रुक्मिणी काय म्हणाली, ते मात्र कृष्णाने सांगितलेल्या त्या कथेत येत नाही.