झेक मैत्रीची दोन रूपे : रांची आणि शेंद्रा

दोन राष्ट्रांमधील व्यापार आणि गुंतवणूक यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात बहुधा दोनच आकडे असतात : इतके कोटी आले आणि इतक्या हातांना काम मिळेल. पहिला आकडा करारावर सही होते त्या दिवशी ठळक अक्षरांत छापला जातो; दुसऱ्याचा हिशेब पुढे कोणी मागत नाही. परकीय भांडवल आपल्या दाराशी नेमके कशासाठी आले, आणि ते कारण उद्या नाहीसे झाले तर मागे काय उरेल, हा प्रश्न तर उपस्थितच होत नाही. मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी तो आता उपस्थित केला पाहिजे. जालना रस्त्यावरील शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे उत्तर मिळण्याची वेळ जवळ येत चालली आहे.

शेंद्र्यात नोव्हेंबर २००१ मध्ये स्कोडा कंपनीची ऑक्टाव्हिया मोटार बाहेर पडू लागली. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते, आणि एक युरोपीय मोटार आपल्या गावात तयार होते याचा शहराला सार्थ अभिमान वाटला. भारत आणि झेक प्रजासत्ताक यांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून या कारखान्याचा उल्लेख भाषणांतून होत आला. परंतु या मैत्रीला त्यापूर्वीचे एक पर्व आहे, आणि ते ठाऊक असल्याखेरीज शेंद्र्याचे मोल ठरविता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत जी अवजड यंत्रे देण्यास पाश्चात्त्य कंपन्या नाखूश होत्या, ती झेकोस्लोव्हाकियाने दिली. रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनची स्थापना १९५८ ची. तेथील ओतशाळा व घडाईशाळा आणि अवजड यंत्रहत्यारांचा कारखाना झेक साहाय्याने उभा राहिला. बोकारोच्या पोलाद कारखान्याची कितीतरी यंत्रे याच रांचीत घडली. तिरुचिरापल्लीचा उच्च दाबाच्या बॉयलरचा कारखाना आणि हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरम येथील वीजयंत्रांचा कारखाना हेही त्याच सहकार्याचे फळ. पिंजोरच्या एच.एम.टी.मध्ये १९७१ पासून झेटॉरच्या बनावटीचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. म्हैसूरला बनणारी जावा आणि तिच्यामागून आलेली येझदी तर आमच्या पिढीने गावोगावी पाहिली आहे.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र ध्यानात घेण्याजोगे आहे. यंत्रसामग्री दीर्घ मुदतीच्या कर्जाने यावयाची, कर्जाचे हप्ते रुपयांत फेडावयाचे, आणि ते रुपये झेक सरकारने भारतातील चहा, मिरी, कातडी, खनिज लोह अशा मालावर खर्च करावयाचे. डॉलरची चणचण असलेल्या देशाला हा मोठा आधार होता. शिवाय यंत्रांबरोबर आराखडे येत, झेक तंत्रज्ञ येत, आणि आपले तरुण अभियंते शिकण्यासाठी तिकडे जात. कारखान्याची मालकी मात्र भारतीय जनतेचीच राहत असे.

हे सर्व सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. रांचीच्या कारखान्याची क्षमता वर्षानुवर्षे पुरती वापरली गेली नाही. दिल्लीच्या नोकरशाहीने तो मनी-ऑर्डरवर जगणाऱ्या वृद्ध नातेवाइकासारखा सांभाळला, आणि २०२३ साली तेथील कामगारांचे अनेक महिन्यांचे वेतन थकलेले होते. रुपया-व्यापारात यंत्रांच्या किमती वाजवी होत्या की नाही याविषयी अर्थशास्त्रज्ञांत त्या काळीही वाद होता. आणि झेकोस्लोव्हाकियाच्या सरकारविषयी समाजवाद्यांनी भाबडे राहण्याचे कारणच नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये प्रागच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे आले, आणि भारत सरकारने स्पष्ट निषेधाचा शब्द उच्चारण्याचे टाळले, तेव्हा अशोक मेहतांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्या राजवटीचे गुणगान करण्याचा हेतू येथे नाही. यंत्राबरोबर विद्या येण्याची सोय त्या व्यवहाराच्या रचनेतच होती, एवढेच सांगावयाचे आहे.

आता दुसऱ्या पर्वाकडे येऊ. स्कोडा हे नाव एकच असले तरी घराणी दोन आहेत, आणि कार्यकर्त्यांच्या बोलण्यात त्यांची नेहमी गल्लत होते. अवजड यंत्रांचे स्कोडा प्लझेन शहरातले. मोटारींचा कारखाना म्लादा बोलेस्लाव येथला. तो १८९५ साली लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी काढला, १९२५ मध्ये तो प्लझेनच्या स्कोडात विलीन झाला आणि १९४५ च्या राष्ट्रीयीकरणानंतर पुन्हा वेगळा झाला. झेक जनतेच्या मालकीच्या या कारखान्यात १९९१ साली जर्मनीच्या फोक्सवॅगनने हिस्सा घेतला, आणि २००० साली तो संपूर्णपणे तिचा झाला. म्हणजे शेंद्र्यात जे आले त्याचे नाव झेक होते आणि मालकी जर्मन. प्रागशी मैत्रीचे करार होतात, परंतु शेंद्र्याविषयीचा अखेरचा शब्द वोल्फ्सबर्गचा असतो.

ही मोटार शेंद्र्यात का आली? भारतात पूर्ण तयार मोटार आयात करावयाची तर जकात जबर पडते. तीच मोटार सुट्या भागांचे संच आणून येथे जुळविली तर जकात पुष्कळ कमी बसते. इंजिन, गिअरपेटी असे मर्माचे भाग परदेशात घडतात. आपल्या वाट्याला जुळणी येते. जुळणीच्या कामगाराचे कसब मी कमी लेखत नाही. परंतु जकातीची भिंत होती म्हणून हा कारखाना आला, हे व्यापारशास्त्रातले उघड सत्य आहे.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. डिसेंबर १९९७ च्या मोटार धोरणात अशी अट होती की सुट्या भागांचे संच आणणाऱ्या कंपनीने तीन वर्षांत निम्मे आणि पाच वर्षांत ७० टक्के भाग देशात बनलेले वापरावेत, आणि आयातीवर खर्च होणारे परकीय चलन निर्यातीने भरून काढावे. त्या अटींविरुद्ध युरोपीय समुदाय आणि अमेरिका जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. डिसेंबर २००१ मध्ये, म्हणजे शेंद्र्यातून पहिली ऑक्टाव्हिया बाहेर पडल्यावर महिन्याभरातच, तेथील निवाडा भारताविरुद्ध जाहीर झाला. पुढच्या वर्षी आपण अपील मागे घेतले. भिंत राहिली, भिंतीच्या आत येणाऱ्यावरची अट मात्र गेली. शेंद्र्याच्या पुढील इतिहासाचा उगम मला या दोन महिन्यांत दिसतो.

अट नसतानाही कंपनी स्थानिक भाग बनवून घेऊ शकते, आणि घेतेही. परंतु तिला परवडेल तेथे. याच उद्योगसमूहाने चाकणला २००९ मध्ये कारखाना उघडला. २०१८ मध्ये जाहीर झालेली शंभर कोटी युरोंची योजना, तिच्यातून निघालेल्या कुशाक आणि स्लाव्हिया या भारतासाठी आखलेल्या मोटारी, त्यांची निर्यात, हे सारे चाकणच्या वाट्याला आले. शेंद्र्याकडे ऑडी, सुपर्ब, कोडियाक अशा थोड्या संख्येने खपणाऱ्या महागड्या मोटारींची जुळणी राहिली. पुण्याजवळ घडविणे आणि मराठवाड्यात जोडणे, ही वाटणी दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजलेल्या अनुशेषात कोठे बसते ते मला ठाऊक नाही, कारण सिंचन, रस्ते आणि शाळा यांचा अनुशेष मोजता येतो तसा विद्येचा मोजण्याची पद्धतच आपण निर्माण केली नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये जकात खात्याने या उद्योगसमूहाच्या भारतीय कंपनीला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस बजावली. आरोप असा की, मोटारींचे जवळजवळ संपूर्ण संच आणले गेले. त्यांवर ३० ते ३५ टक्के जकात पडली असती, परंतु ते वेगवेगळ्या खेपांतून किरकोळ सुटे भाग म्हणून दाखविल्याने ५ ते १५ टक्क्यांवर भागले. कंपनीला आरोप अमान्य आहे आणि तिने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. दोषी कोण ते न्यायालय पाहील. आपल्या दृष्टीने या खटल्यातला गमतीचा भाग वेगळा आहे. ज्या मोटारींची नावे नोटिशीत आहेत, त्यांतील सुपर्ब, कोडियाक, ऑडी ए-४ यांची जुळणी शेंद्र्यात होत आली. सरकार म्हणते, पेटीतून मोटार आली. कंपनी म्हणते, भाग आले. मोटार शेंद्र्यात घडली, असे मात्र दोहोंपैकी कोणत्याच पक्षाने म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

ही भिंतही आता उतरू लागली आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात शंभर टक्क्यांहून अधिक असलेली मोटारींवरील जकात ठराविक कोट्यापुरती १० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे आपण मान्य केले. युरोपीय संघाशी वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. त्यांतही मोटारींची जकात हा पहिल्यापासून कळीचा मुद्दा राहिला. शेंद्र्याने याची चुणूक पाहिलीही आहे. ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब २०२३ मध्ये भारतीय बाजारातून गेल्या. २०२४ मध्ये सुपर्ब आणि २०२५ मध्ये ऑक्टाव्हियाचा एक प्रकार परत आला तो मोजक्या संख्येने, पूर्ण तयार होऊन, बोटीतून. २०२५ च्या नव्या कोडियाकची जुळणी शेंद्र्यातच सुरू झाली हे खरे; परंतु ती किती दिवस परवडेल याचा हिशेब जकातीच्या कोष्टकावर अवलंबून आहे, आणि ते कोष्टक कामगारांना विचारून बनत नाही.

याच शहरात दुसरीही एक कथा घडली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या भोवती भाग पुरविणाऱ्यांची रांग उभी राहिली, कारण त्या कारखान्याला भाग येथेच बनवून हवे होते. त्या मागणीतून साचे बनविणारे, ओतकाम करणारे, प्लॅस्टिकचे भाग काढणारे तयार झाले. चिकलठाण्याला जर्मनीच्या सरकारी साहाय्याने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन टूल रूमने साचे घडविण्याची विद्या खेड्यांतून आलेल्या मुलांना दिली. परकीय सहकार्याचे हे रूप आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि आपण त्याचा उल्लेखही करीत नाही. वाळूजच्या या परंपरेतूनच व्हॅरॉक ही कंपनी वाढली, आणि तिने २०१२ मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा मोटारींच्या दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला. त्यात झेक प्रजासत्ताकातील नोव्ही यिचिनचा कारखानाही होता. ज्या देशाची मोटार शेंद्र्यात पेट्यांतून येत होती, त्याच देशातल्या मोटारींच्या दिव्यांचा कारखाना दहा वर्षे वाळूजच्या मालकीचा होता! २०२२ मध्ये तो व्यवसाय एका फ्रेंच कंपनीला विकला गेला.

खासगी भांडवलाचा हा पराक्रम पाहून समाजवाद्यांनी टाळ्या वाजवाव्यात असे मी सुचवीत नाही. वाळूजच्या वैभवात कंत्राटी कामगाराचा वाटा किती, हे आपल्या कामगार संघटनांना चांगले माहीत आहे. परंतु व्यापारशास्त्राच्या दृष्टीने फरक स्पष्ट आहे. वाळूजमध्ये मागणीने विद्या निर्माण केली, आणि ती विद्या मूळ कारखान्याच्या पलीकडे पसरली. एक गिऱ्हाईक उद्या गेले तरी साचा घडविणारा हात दुसऱ्याचा साचा घडवू शकतो. संच जुळविणाऱ्या हाताला संचच यावा लागतो.

३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा-किर्लोस्करने बिडकीनला सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आहे. पैठण तालुक्यातील शेतकऱ्यांनी या वसाहतीसाठी जमीन दिली आहे. प्रकल्प येवो; त्याला विरोध करणे हा आपला कार्यक्रम असू नये. मात्र राज्य सरकार १९६४ पासून मागास भागांतील कारखान्यांना सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली सवलती देत आले आहे आणि त्या जनतेच्या पैशातून जातात. जिनिव्याचा निवाडा पुढे करून आता कोणतीच अट घालता येत नाही, असे अधिकारी सांगतात. ते अर्धसत्य आहे. मोटार उद्योगासाठी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत किमान ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धनाची अट केंद्र सरकारनेच घातली आहे. शिकाऊ उमेदवारांची संख्या, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना द्यावयाची यंत्रे, जिल्ह्यातील लघुउद्योगांना साच्यांची आणि भागांची कामे, कायम आणि कंत्राटी कामगारांचे प्रमाण, यांच्याशी राज्याच्या सवलतींचे हप्ते बांधण्यास कोणी हात धरलेला नाही.

विधिमंडळात आपले बळ आज नगण्य आहे. परंतु माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. जिल्हा शाखेने पहिला अर्ज शेंद्र्याविषयी करावा : २००१ पासून तेथील मोठ्या कारखान्यांना कोणत्या सवलती किती रकमेच्या मिळाल्या आणि त्यांच्या बदल्यात कोणती हमी लिहून घेतली होती. दुसरा बिडकीनच्या सामंजस्य कराराच्या प्रतीसाठी. व्यापारी गुपिताचे कारण सांगून नकार आला तर त्याच्यावर अपील करावे, आणि उत्तर येवो वा नकार, दोन्ही कागद शेंद्रा, कुंभेफळ आणि बिडकीनच्या ग्रामसभांपुढे वाचून दाखवावेत.