पाणी जमिनीचे की माणसांचे?

पाणलोट, जलसंधारण, लोकसहभाग हे शब्द आज सरकारी परिपत्रकांत मुबलक सापडतात. पाण्यावरील भाषणांत विलासराव साळुंखे यांचे नावही आदराने घेतले जाते. परंतु २००२ साली निधन पावलेल्या या जलतज्ज्ञाने ज्या विचारासाठी आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे वेचली, तो विचार मात्र सोयिस्करपणे वगळला जातो. साळुंख्यांचे बांधबंधारे आठवायचे आणि त्यांचे समन्यायी वाटप विसरायचे, ही लबाडी आहे. ती उघडी पाडणे हे समाजवादी कार्यकर्त्यांचे काम आहे.

साळुंखे हे अभियंते आणि पुण्यातील उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात सरकारी कामांवर खडी फोडणारी माणसे त्यांनी पाहिली. पाऊस कमी पडला, एवढ्या उत्तरावर त्यांचे समाधान झाले नाही. नायगाव येथे देवस्थानची सोळा हेक्टर उजाड जमीन खंडाने घेऊन तेथे त्यांनी बांध घातले, पाणी अडवले आणि कमी पावसातही पीक उभे राहते हे सिद्ध केले. निव्वळ तंत्रज्ञ येथेच थांबला असता. साळुंख्यांनी पुढचा प्रश्न विचारला : अडवलेले पाणी कोणाचे?

पाणी पंचायतीच्या नियमांत या प्रश्नाचे उत्तर आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभारायचा. हे दानधर्माचे नियम नव्हेत. एका उत्पादनसाधनावरील मालकीची व्याख्याच त्यांनी बदलली होती. सांगली जिल्ह्यात येरळेवर बळीराजा स्मृती धरण बांधणाऱ्या मुक्ती संघर्ष चळवळीनेही भूमिहीनांसह सर्वांना पाणी हाच आग्रह धरला.

आता राज्याचा कायदा पाहा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने पाण्याचा कोटा लाभक्षेत्रातील जमिनीवरून ठरवला. टंचाईच्या काळात प्रत्येकास शक्यतो निदान एक एकर भिजवण्यापुरते पाणी द्यावे, असे त्यात म्हटले आहे खरे. पण ते प्रत्येक जमीनधारकास. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो या हिशेबात माणूसच नाही. शिवाय याच कायद्याने पाण्याच्या हक्कांच्या खरेदीविक्रीची वाट मोकळी करून ठेवली. साळुंख्यांनी जे विक्रीस बंद केले, तेच शासनाने बाजारात मांडण्याची सोय केली.

बाजाराचे कैवारी म्हणतात, पाण्याला किंमत आली की ते अधिक मोलाच्या वापराकडे आपोआप वळेल. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला येथे एवढेच विचारावयाचे आहे की, हे मोल कोणी ठरवायचे? बाजारात मत पडते ते पैशाचे, तहानेचे नव्हे. महाराष्ट्रातील लागवडीच्या चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो, असा हिशेब केंद्राच्या कृषी उत्पादन खर्च व किंमत आयोगानेच गेल्या दशकात मांडला. ही विषमता पाण्याच्या तुटीतून आलेली नाही. कारखाना, पतपुरवठा आणि विधिमंडळातील जागा ज्यांच्या हाती, पाणीही त्यांच्याच हाती, एवढा तिचा सरळ अर्थ आहे.

दुसरा आक्षेप असा की, पाणी पंचायतीच्या अनेक योजना पुढे बंद पडल्या. खरे आहे. परंतु त्यावरून तत्त्व चुकीचे ठरत नाही. एका गावाने उसाचा मोह सोडायचा आणि कालव्याच्या मुखाशी बसलेल्याने हवे तेवढे पाणी उपसायचे, अशा व्यवस्थेत संयम पाळणाऱ्यालाच दंड होतो. समतेचा नियम काही गावांच्या सद्‌भावनेवर सोपवून तो टिकेल, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. राज्याचे बहुतेक धरणांवर स्वामित्व आहे. तेव्हा हा नियम कायद्याने सर्वांना लागू करणे राज्याचेच कर्तव्य ठरते.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या प्रत्येक प्रकल्पात पाण्याचा पहिला वाटा माणशी ठरवा. भूमिहीन कुटुंबांना त्यात कायदेशीर हक्क द्या आणि पाणी वापर संस्थांचे सभासदत्वही द्या. पाण्याच्या हक्कांची खरेदीविक्री करू देणारी कलमे रद्द करा. अवर्षणप्रवण तालुक्यांत उसाला पाणी मोजून आणि मर्यादेतच द्या.

पुढाऱ्यांनी साळुंख्यांच्या कार्याचा गौरव केला की कार्यकर्त्यांनी भर सभेत उठून विचारावे : तुमच्या तालुक्यातील धरणात भूमिहीनाचा वाटा किती? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.